सर्जेराव शेठची बॅटरी शमशादच्या टेबलावर

सर्जेरावनं शमशादला चोर ठरवलं ते भर दुकानात, गिऱ्हाइकांच्या देखत.

मुकुंदवाडी स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं इलेक्ट्रिक गाड्यांचं दुकान. शमशाद तिथं बॅटऱ्या दुरुस्त करायची. दम गेलेल्या जुन्या बॅटऱ्यांवर नवं कव्हर चढवून विकायला ती नाय म्हणाली, एवढाच तिचा गुन्हा. दुसऱ्याच दिवशी शेठ ओरडला, "हिनं बॅटरीतले सेल चोरले! पर्स तपासा हिची!"

पर्समध्ये जेवणाचा डबा निघाला. पण बोभाटा व्हायचा तो झालाच. तिचे अब्बा मोहियोद्दीन जन्मभर गवंडीकाम केलेले, कुणाच्या अध्यात ना मध्यात. लोक विचारतील म्हणून त्यांनी नाक्यावर चहाला जाणं सोडलं. जुम्म्याच्या नमाजलाही मागं बसायचे, सगळ्यांच्या आधी उठायचे. त्याच हिवाळ्यात ते गेले. शमशाद रडली नाय. 'ह्याला सोडायचं नाय,' एवढंच तिच्या मनात होतं.

शेठच्या दुकानासमोरच तिनं भाड्यानं टपरी घेतली आणि पाटी लावली : 'बॅटरी तपासून मिळेल. सर्जेराव शेठच्या दुकानातली असेल तर फुकट.'

लोक हसले, पण येऊ लागले. पहिला आला बजाजनगरचा गोकुळ, कंपनीतला कामगार. त्याची गाडी रोज अर्ध्या वाटेत बसायची.

"मीटर तर फुल दाखवतंय, ताई."

"चार्ज केल्यावर मेलेली बॅटरीबी फुल दाखवती, भाऊ. लोड लावल्यावर कळतंय."

तिनं बॅटरी पूर्ण चार्ज केली, मग तिला हॅलोजनचे दिवे जोडले. दिवे झक्क पेटले आणि गोकुळचा चहा संपायच्या आत मलूल झाले.

"थकलेली हाय. कव्हर तेवढं नवं."

गोकुळ तडक रस्ता ओलांडून गेला. समोरून आरडाओरडा ऐकू आला. शमशाद हनुवटीला हात लावून बघत बसली. किती तरी महिन्यांनी तिच्या काळजात गारवा पडला.

मग रोज कुणी ना कुणी रस्ता ओलांडू लागलं. वर्ष सरायच्या आत सर्जेरावच्या दुकानात माशा घोंगावू लागल्या. नवं गिऱ्हाईक एकच म्हणायचं, "आधी समोर तपासून आणा, मग घेऊ."

शेवटी एक दिवस तो स्वतःच बॅटरी उचलून आला. मागं दोन गिऱ्हाइकं.

"नवी कोरी हाय बाई. ह्या येळी खरंच. तपास."

"टाइम लागंल. बसा तिथं," तिनं बाहेरच्या बाकाकडं बोट केलं. बाकावर टळटळीत ऊन होतं.

घाई करून ही तपासणी होत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक! शेठ घाम पुसत बसला. येणारा-जाणारा वळून बघायचा. दुपार कलली तरी दिवे तसेच लख्ख. बॅटरी खरोखर ठणठणीत होती.

शमशादच्या जिभेवर आलं होतं, 'भंगार हाय.' एका शब्दात ह्याचं दुकान बसलं असतं. पण खोटं बोलणारा हा होता, ती नव्हती. तो फरक तिला ह्याच्यासाठी घालवायचा नव्हता.

"बॅटरी चांगली हाय," ती म्हणाली. गिऱ्हाइकांचे चेहरे खुलले. "पण तसं लिहून देण्याआधी शेठ, मी सेल चोरले होते का, सांगा."

"नाय," तो पुटपुटला.

"त्या दिवशी किती मोठ्यानं बोलला व्हता? तितक्याच मोठ्यानं."

"नाय चोरले!" तो ओरडला. चहावाला, रिक्षावाले, सगळे थबकले. "खोटा आळ घेतला मी. माफ कर, बाई."

"माझी नका मागू. कब्रस्तानात जा, अब्बांची मागा."

तो गेला की नाही, तिनं विचारलं नाही. मनातली आग विझली असंही नाही. आजही सर्जेरावच्या दुकानातली प्रत्येक बॅटरी विकण्याआधी तिच्या टेबलावर येते. खरी असेल तर ती खरीच सांगते. पण बाकी सगळ्यांचं काम उरकल्याशिवाय त्याच्या बॅटरीला हात लावत नाही. आणि पैसे मात्र आता पुरते घेते.