उभ्यानं खाल्लेलं

आमच्या घरी एक समजूत आहे. उभ्यानं खाल्लेलं अंगी लागत नाही. कुणी हे मोठ्यानं म्हणत नाही, पण आई ओट्याशी उभी राहून उरलेला भात संपवते, पोळीचा तुकडा कढईच्या कडेनं फिरवून तोंडात टाकते आणि ताटावर बसली की म्हणते, "मले आज भूकच नाई." मी तिचीच मुलगी. इंग्रजी शाळेत शिकले, कॅलरी म्हणजे काय ते पाचवीतच पाठ केलं होतं, तरी ही समजूत माझ्यात तशीच राहिली.

मागच्या वर्षी डॉक्टरांनी माझा रिपोर्ट पाहिला आणि साखर काठावर आहे म्हणाले. "तीन महिने देतो. वजन थोडं उतरलं तर बरं, नाही तर गोळी सुरू करू." माझं वय सव्वीस. आमच्या जेवणाच्या टेबलावर आईच्या साखरेच्या गोळ्यांची डबी असते, लोणच्याच्या बरणीशेजारी. तिथे माझी डबी यायला नको होती. एवढंच मला हवं होतं.

मी एकटी कुठे जाणार नाही हे आईला माहीत होतं, म्हणून तिनं मला वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेत आमच्या समोर राहणाऱ्या काकूंसोबत पाठवलं. काकूंचे गुडघे दुखायचे आणि वजन उतरवायला त्या दर शनिवारी एका डाएटिशियन मॅडमकडे जात. मॅडमनी मला वही ठेवायला सांगितली. जे तोंडात जाईल ते लिहायचं.

माझी वही सुंदर होती. इंग्रजीत, दोन रंगांच्या पेननं. एक वाटी वरण, दोन पोळ्या, काकडी. काकूंच्या वहीची पानं तेलकट होती आणि त्यात असं काही असायचं: "शेव, मूठभर. नातीच्या डब्यातली. परत मूठभर." मॅडम ते वाचून हसायच्या, काकूही हसायच्या. माझी वही पाहून मॅडम म्हणायच्या, "छान लिहिता."

महिन्याभरात काकूंचं वजन दीड किलो उतरलं. माझं थोडं वाढलं.

मी खोटं लिहीत होते असं मला वाटत नव्हतं. संध्याकाळी वही उघडली की मला ताटं आठवायची. बाकीचं आठवतच नसे. त्या बाकीची सुरुवात बहुधा एका लग्नातली. पंगतीत मी जिलबी घ्यायला नको म्हणत होते, तर वाढणाऱ्या मावशी म्हणाल्या, "घे वं, तुले काय फरक पडते?" पंगत हसली. मीही हसले. तेव्हापासून लोकांसमोर कमी खायचं आणि नंतर कुणी नसताना, उभ्यानं, भरभर.

मी समुद्रपूरच्या एका शाळेत शिकवते. परतताना जाम गावच्या फाट्यावर बस बदलते. एका सोमवारी मुख्याध्यापिका सगळ्यांसमोर मला बोलल्या होत्या. फाट्यावर उतरून मी आलुबोंड्याच्या गाडीमागे उभी राहिले. दुसरा आलुबोंडा तोंडात होता आणि माहेरून परत येणाऱ्या काकू समोरच्या बसमधून उतरल्या. त्यांनी मला पाहिलं. मी कागद चुरगळून पिशवीत टाकला.

"वर्ध्याची गाडी लागली का वं?" एवढंच त्या म्हणाल्या.

बसमध्ये आम्ही शेजारी बसलो. तिकिटं काढून झाल्यावर त्यांनी विचारलं, "तिथं बाकड्यावर जागा नव्हती का?"

"होती."

"मंग उभ्यानं काऊन खाल्लं?"

"लोक पाहतात, काकू."

"पाहू दे न. माह्याकडे लोक तीस वर्षांपासून पाहून राह्यले. अजून थकले नाई." मग खिडकीकडे पाहत म्हणाल्या, "दोन खा, चार खा. पण बसून खाजो. आन् वहीत लिहिजो."

त्यांनी हे आईला सांगितलं नाही, मॅडमनाही नाही. दुसऱ्या दिवशी एक जुना पाट घेऊन आल्या आणि आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवला. "एक शेंगदाणा खाचा असन तरी याच्यावर बसून."

पहिल्या दिवशी मी चिवड्याचा डबा घेऊन पाटावर बसले. तिथून बाबांचा टीव्ही दिसतो, म्हणजे बाबांनाही मी दिसते.

आईनं विचारलं, "काऊन खाली बसली? पाय दुखते का?"

"चिवडा खाते आहे."

हे तीन शब्द म्हणायला मला किती जड गेलं ते कुणाला कळलं नसेल. बाबांनी मान वळवून पाहिलं आणि पुन्हा बातम्या पाहू लागले. एरवी मी तीन मुठी खायचे. त्या दिवशी एक खाल्ली, आणि चिवड्यात कढीपत्ता होता हे मला कळलं.

नंतर कित्येकदा डब्यापर्यंत जाऊन, पाटाकडे पाहून मी परत फिरले. कित्येकदा बसून पोटभर खाल्लंही. सगळं लिहिलं, आता मराठीत, गिचमिड अक्षरात. मॅडमनी ती पानं सावकाश वाचली. "आता मी तुम्हाला मदत करू शकेन," त्या म्हणाल्या. आलुबोंडा त्यांनी बंद केला नाही. आठवड्यातून दोनदा, एकेक, बाकड्यावर बसून, असं ठरवलं. आणि शाळेत कुणी बोललं तर आधी काकूंना फोन.

शनिवारी मॅडमच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून मी इतर बायकांनाही पाहत आले आहे. स्वतःवर चिडून येणाऱ्या बऱ्याच जणी एखादा आठवडा बिघडला की परत दिसत नाहीत. "या आठवड्यात लग्नं होती मॅडम, काही खरं नाई," असं म्हणत आत शिरणाऱ्या मात्र पुढच्या शनिवारीही असतात. काकू नसत्या तर मी पहिल्या प्रकारातली असते. तेही इतकी गुपचूप, की माझं येणं थांबलेलं कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

एका दुपारी आई भाताचं पातेलं घेऊन पाटावर बसलेली दिसली. मी काही बोलले नाही. काकूंकडून शिकलेली ही दुसरी गोष्ट.

तीन महिन्यांनी वजन चार किलो उतरलं होतं. कुर्ते तेच आहेत. डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा पाहिला आणि म्हणाले, "गोळी सध्या नको. असंच चालू ठेवा."

काकू बाहेर थांबल्या होत्या. "काय म्हणे?"

"गोळी नको म्हणाले."

"मंग चाल, पोहे खाऊ."

दवाखान्यासमोरच्या टपरीवर दोन खुर्च्या रस्त्याकडे तोंड करून होत्या. मी त्यातल्या एकीवर बसले. तर्रीचे पोहे एकच प्लेट मागवली, दोन चमचे. येणारेजाणारे पाहत होते की नाही, मी पाहिलं नाही. खाऊन झाल्यावर वही काढली.

काकू माझ्या खांद्यावरून डोकावल्या. "लिही, अर्धी प्लेट काकूनं खाल्ली."

"अर्ध्याच्या वर खाल्ली तुम्ही."

"मंग तसं लिही न," त्या म्हणाल्या. मी तसं लिहिलं.