मावशीचे मोकळे दिवस

मावशी गेली ती मंगळवारी दुपारी. आम्ही दोघीच राहत होतो. डॉक्टर मान हलवून गेले, आणि मी आधी स्वयंपाकघरात जाऊन भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. त्या चौकटीत काहीही छापलेलं नव्हतं. रडू त्यानंतर आलं... त्यातही एक सुटका होती.

मावशी मूळची मुर्धा गावची. ती लहान असताना तिचे आजोबा ऐन होळीच्या दिवशी वारले. सणाच्या दिवशी घरात मृत्यू झाला की तो सण अडतो; त्याच तिथीला घरात मूल जन्मेपर्यंत किंवा गाय व्याईपर्यंत तो करत नाहीत. त्यामुळे तिचं सगळं लहानपण दारात बसून दुसऱ्यांच्या होळ्या बघण्यात गेलं. शेवटी एका होळीला गाय व्याली, तेव्हा कुठे घरात पुरण शिजलं.

आमच्या पूनम सागर वसाहतीतल्या इमारतीत गणपती, पर्युषण, गरबा, ईद, नाताळ असं काही ना काही चालूच असतं. मावशीला सगळंच आवडायचं. खालून आवाज आला की खिडकीत जाणार, कोणाकडून कसली ताटली येईल याचा अंदाज बांधणार. पण तिचे खास लाडके दिवस वेगळेच होते. महिना लागला की रिकाम्या चौकटींत ती पेन्सिलीने बारीक टिंब करायची. त्या दिवशी गॅलरीत पाटावर बसून वाल सोलायची, चहा गार होऊ द्यायची आणि म्हणायची, "आज कोनाचाच सन न्हाय. आज मी मोकली."

आजारपणात या टिंबांना दुसराच अर्थ आला. "माना कोनाच्या सनाला मराचा न्हाय," ती शेजारपाजाऱ्यांनाही सांगायची. आपल्यामुळे दुसऱ्यांचा सण अडत नसतो, असं मी समजावू लागले की म्हणायची, "तू पुस्तका वाचलीस, मी होल्या बगल्या. आनि इथं चौथ्या माल्यावर गाय कोन आननार?" आम्ही दोघी हसायचो. तिची भीती मात्र हसून जात नव्हती.

ईद झाल्यावर समोरची शबाना शीरखुर्मा घेऊन आली. वाटी तिने हातातच धरून ठेवली. मग म्हणाली, "दीदी, एक बात छुपाई थी. शब-ए-बारात उसी मंगल को थी. चाँद एक दिन बाद दिखा था."

मी कॅलेंडरकडे पाहिलं. त्यात ती सोमवारी छापलेली होती. सोमवारी तिच्याकडचा दरवर्षीचा हलवा आला नाही तेव्हा मला वाटलं होतं, घरात आजारी माणूस म्हणून पाठवला नसेल. मंगळवारी शबाना मावशीच्या उशाशी येऊन बसली, तेव्हा तिच्या हातांना भाजलेल्या रव्याचा वास होता, हेही आत्ता आठवलं.

माझा चेहरा पाहून ती घाईने म्हणाली, "कुछ नहीं रुका, दीदी. वो तो हमारे यहाँ गए हुओं को याद करने की ही रात है. हलवा बना, बँटा भी. दुआ में मौसी का नाम भी लिया. अगले साल आपके यहाँ भी भेजूँगी."

शबाना गेल्यावर मी कॅलेंडरची पानं मागे उलटली. मंगळवारच्या चौकटीत मावशीचं टिंब होतं, थरथरत्या हाताचं, जरासं लांबलेलं. मी ते तसंच ठेवलं. चहा घेऊन गॅलरीत तिच्या पाटावर बसले. खाली कुठलाच आवाज नव्हता... चहा गार होऊ दिला.

गाय आणावी लागली नाही, मावशी.