आधी गोकुळ, मग कॅमेरा

सिल्वासाच्या टोकरखाड्यात आमच्या समोरच्या बिल्डिंगमध्ये कावेरीताई राहतात. मूळच्या साक्रीकडच्या. नवरा वाल्मिक खडोलीच्या कारखान्यात, पूर्वी कावेरीताईही तिथेच पॅकिंगला होत्या. हळदीला बायकांचे फोटो काढायला बाई हवी म्हणून एका स्टुडिओवाल्याने त्यांना सोबत नेलं आणि त्यांचा हात कॅमेऱ्यावर बसला तो बसलाच. आता सिल्वासात खानदेशी घरात लग्न ठरलं की त्यांना फोन जातो. "त्यांच्यासमोर बायका पोट आत ओढून उभ्या राहत नाहीत, मोकळ्या हसतात," असं माझी बायको म्हणते.

गेल्या वैशाखात दादऱ्याला सोनमचं लग्न होतं. सोनम आमच्या शेजाऱ्यांची मुलगी, सासर शहाद्याचं. दुपारी अक्षता पडल्या, जेवणं सुरू झाली. कावेरीताईंनी कॅमेरा आणि लेन्स बॅगेत भरल्या, बॅग स्टेजमागे ठेवली आणि त्या दोन घास खायला गेल्या. परत येऊन बघतात, तर बॅग नाही. लग्नाचे सगळे फोटो कॅमेऱ्यातच होते. सोनमच्या आईने तर डोक्याला हातच लावला.

सोनमचे काका सुकदेव तापट माणूस. स्टेजमागे गोकुळ उष्टी ताटं उचलत होता. पन्नाशीचा, केटरिंगवाल्याकडे रोजावर येणारा. काकांनी त्याची कॉलर धरली.

"इथे तूच होतास. बोल, कुठे लपवलीस?"

"साहेब, मी फक्त ताटं उचलतोय," गोकुळ म्हणाला. त्याचे हात खरकटे, ते अंगापासून लांब धरून तो तसाच उभा. चार जण जमले, कोणी झडती घ्या म्हणालं. केटरिंगवाल्याने तर लगेच सांगून टाकलं, "उद्यापासून येऊ नकोस."

कावेरीताई मध्ये शिरल्या. एरवी हळू बोलणारी बाई, पण आवाज चढला तशी गावची बोली तोंडात आली.

"बॅग मी ठेवेल होती, नजर माझी हटली. त्याले हात लावायचा नाही!"

"अहो, नुकसान तुमचंच झालंय ना?" काका म्हणाले.

"हो. म्हणून मीच सांगते. सोडा त्याला."

काकांनी कॉलर सोडली. तेवढ्यात पाठवणीची गडबड उडाली. आम्हाला वाटलं, आता ही बाई कोपऱ्यात बसून रडणार. पण त्यांनी सोबत आलेल्या वाल्मिकचा चांगल्या कॅमेऱ्याचा मोबाइल मागून घेतला आणि पाठवणी त्यावर टिपली. मोबाइल हलू नये म्हणून कोपर खांबाला टेकवून.

वऱ्हाड गेल्यावर त्यांनी उरलेल्या पाहुण्यांना सांगितलं, "दुपारी ज्यांनी ज्यांनी व्हिडिओ काढले, ते मला पाठवा." मग खुर्चीवर बसून एकेक बघत राहिल्या. एका मावशीच्या नाचाच्या व्हिडिओत मागे आंदणाचं सामान हलवणारे दोघे दिसले. गाद्या, भांड्यांची खोकी, आणि त्यांच्यात कावेरीताईंची काळी बॅग. नवरीचीच समजून त्यांनी ती शहाद्याच्या टेम्पोत टाकली होती.

मी म्हटलं, "टेम्पोवाल्याला फोन लावा लवकर!"

"लावते. आधी काकांना बोलवा."

काकांनी व्हिडिओ पाहिला आणि ते मान खाली घालून उभे राहिले. कावेरीताईंनी गोकुळलाही बोलावलं, केटरिंगवाल्यालाही.

"जाऊ द्या ताई," गोकुळ म्हणाला. "बॅग सापडली ना."

"जाऊ कसं देऊ? सगळ्यांसमोर चोर म्हटलं, तर सगळ्यांसमोर नाही म्हणायला नको?"

काकांनी गोकुळचे हात धरले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "चुकलं माझं. या माणसाने काही घेतलेलं नाही." केटरिंगवाल्याने दुसऱ्या दिवशीचं काम गोकुळला तिथल्या तिथे सांगितलं. त्यानंतरच कावेरीताईंनी फोन लावला. बॅग गाद्यांखाली सुखरूप होती.

दुसऱ्या दिवशी त्या बस बदलत शहाद्याला पोचल्या. सोनमनेच बॅग आणून दिली. कॅमेरा चालू झाला, फोटो जागच्या जागी होते. नवी नवरी चुलीपाशी त्यांना खेटून बसली आणि छोट्या पडद्यावर स्वतःचं लग्न बघू लागली. एका फोटोपाशी थांबली. मंगलाष्टकांच्या गर्दीत तिचे वडील खांबाआड तोंड फिरवून डोळे पुसत होते.

"पप्पा रडत होते? मला कळलंच नाही."

"तुला कसं दिसणार? मध्ये अंतरपाट होता," कावेरीताई म्हणाल्या आणि तिला तो फोटो निवांत बघू दिला.