कुंपणापलीकडची मोहरी

सकाळी फिरायला निघून लोकांच्या कुंपणातली फुलं तोडणाऱ्या बायकांपैकी मी एक. देवाचं नाव पुढे केलं की ती चोरी वाटत नाही. पण अंबरनाथला एका घरापुढे मोहरीचा कोवळा पाला दिसला, तेव्हा देवाची सबब चालण्यासारखी नव्हती. मी सरळ भाजीसाठीच तोडला.

पिशवी भरत आली आणि मागून आवाज आला, "ठेवा ती खाली."

गाऊनवर ओढणी, हातात विळा. बाई माझ्याहून वयाने मोठी होती.

"मावशी, थोडीशीच घेतलीय. औषध मारलंय का?"

"ते धुऊन तरी गेलं असतं. इथे पूर्वी जुन्या बॅटऱ्या फोडायचे. मातीत शिसं आहे. ते मोहरी ओढून घेते, म्हणून पेरते आणि उपटून पोत्यात भरते. बकरीलाही घालत नाही."

"पण किती हिरवीगार आहे!"

"तिला काही होत नाही, ताई. खाणाऱ्याला होतं."

"असं किती वर्षं पेरणार?"

तिने विळ्याने दाराकडे दाखवलं. उंबऱ्यावर आडवी फळी ठोकली होती आणि ती धरून एक लहान मूल उभं राहू पाहत होतं.

"नातीला अंगणात सोडता येईल तोवर."

तिने माझी पिशवी पोत्यात रिकामी केली आणि नीट घडी घालून परत दिली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

आता तिच्या कुंपणापाशी आले की मी दोन्ही हात जरा जास्तच हलवत चालते. रिकामे दिसावेत म्हणून.