फाटकावरची हिरवी पाटी

आमच्या बाबांना घर नको होतं, नळ हवा होता. कारकुनीची सगळी वर्षं भाड्याच्या घरात गेली, आणि बाबा अंगाला साबण लावून बसले की तिथला मालक नेमकी मोटर बंद करायचा. म्हणून इंदुरात विजय नगरच्या पलीकडे आमच्या प्लॉटवर बोअरला पाणी लागलं, तेव्हा बाबा पेढे वाटत सुटले. भिंतींचा पत्ता नव्हता अजून!

बँकेतले साहेब मला म्हणाले, "मॅडम, ग्रीन लोन लो ना, ब्याज कम है." अट एवढीच, की गच्चीवर सोलर हवं आणि पावसाचं पाणी पाइपातून जमिनीत मुरवायला अंगणात खड्डा हवा. तपासणीत पास झालो तरच शेवटची रक्कम मिळणार, नाहीतर घर बिनदारांचं. व्याज कमी म्हटल्यावर मी नखशिखांत हिरवी व्हायला तयार होते.

तपासणीच्या सकाळी आई पोह्यांच्या मागे, मी कागदांच्या. आणि इंदुरात पाहुणा येणार म्हणजे घर धुतलंच पाहिजे. स्वच्छतेत आपलं शहर पहिलं ना! बाहेर येऊन बघते तर बाबा गच्चीवर. मोटर फुल चालू, हातात पाइप, सोलर धुऊन झालेलं, आता फरशी.

"बाबा, अहो, पाणी वाचवतो म्हणून लोन मिळतंय आपल्याला! बंद करा ते!"

"न धुता साहेबांना वर आणू? काय म्हणतील ते?"

तेवढ्यात तपासणीचे साहेब फाटकात हजर. गेलं घर, म्हटलं. साहेब पाण्यातून चपचप करत खड्ड्यापाशी आले. गच्चीवरचं पाणी पाइपातून भसाभसा त्यात पडत होतं. त्यांचा चेहरा असा काही खुलला!

"अरे वा, लाइव्ह डेमो! बाबूजी, ऐसा तो किसी ने नहीं दिखाया."

फोटो काढले, वर शेव आणि जिरावनचा मसाला घालून पोहे हाणले, आणि आम्ही पास.

दारं लागली. फाटकावर 'हरित घर' अशी पाटी लागली. बाबा रोज सकाळी ती पाइपानं धुवायचे. मी भांडायचे, तर म्हणायचे, "मालक कोण? मी!" तेव्हाचा त्यांचा चेहरा बघून माझा राग कुठल्या कुठे जायचा, खरं सांगते.

एप्रिलमध्ये एका सकाळी बाथरूममधून हाक आली. बाबा अंगाला साबण लावून आत अडकलेले.

"अगं, मोटर कुणी बंद केली?"

मोटर चालूच होती.