पायातल्या उघाड्या

१९८९ साल. मी एकसष्ट वर्षांचा. रोह्याच्या डॉक्टरांनी मला स्टुलावर उभं केलं, पोटरीवरच्या फुगलेल्या निळ्या शिरांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "व्हेरिकोज व्हेन्स."

मी म्हटलं, "ह्या मेहनतीच्या शिरा हायत. माझ्या बापाच्या पण होत्या."

ज्यांच्या पायांवर अशा शिरा आहेत त्यांच्यासाठी हे लिहितोय. चौथी नापास माणसाचं लिहिणं, तसंच वाचा.

धरमतरच्या खाडीला आमचं मिठागर. पावसाळा सरला की वाफ्यांचा चिखल पायांनी तुडवून तळ घट्ट करायचा, तेव्हा कुठे पांढरं मीठ मिळतं. चिखलात पहिला पाय मिठागरावरच्या सगळ्यात जुन्या माणसाने घालायचा. अकरा वर्षं तो मान माझा.

घोट्याजवळ कातडी काळी पडली, खाज सुटली, जखम झाली. मी रोज खाऱ्या पाण्यात उभा राहून ती धुतली. मिठाने मासा टिकतो, मग पाय का नाही टिकणार, असं मला वाटायचं. जखम मोठी होत गेली. त्या वर्षी दसऱ्यानंतर वाफ्यातलं पाणी काढताना शीर फुटली. पाणी लाल झालं तरी मी उभाच. पार्वतीने, लग्नापासून मिठागरावर माझ्या जोडीनेच राबणाऱ्या माझ्या बायकोने, मला ओढून बांधावर आडवं केलं आणि पदर दाबून धरला. तेच बरोबर होतं, हे मला नंतर कळलं. पेणच्या डॉक्टरांनी रोह्याला धाडलं. रोह्याजवळच वरसे गावात माझी बहीण, म्हणून राहायची सोय झाली.

डॉक्टर म्हणाले, "शिरांत झडपा असतात, व्हॉल्व्ह. रक्त वर जाऊ देतात, खाली येऊ देत नाहीत. तुमच्या सैल झाल्यात."

हे मला लगेच कळलं. आमच्या खारबांधात उघाडी असते. ओहोटीला तिचं लाकडी दार पाणी बाहेर सोडतं, भरतीला आपोआप मिटतं. दार कुजलं की खाडी शेतात शिरते. माझ्या पायात खाडी शिरली होती.

"ऑपरेशन करू. पण यापुढे चिखलात उभं राहणं बंद. नाहीतर एक दिवस पायच जाईल."

मी भिंतीकडे तोंड केलं. तुडवणी पंधरा दिवसांवर आली होती.

चार दिवस तपासण्या. दुपारी डॉक्टर खाटेशी टेकायचे. मी विचारलं, हे नाव कुठलं? म्हणाले, रोमन लोकांच्या जुन्या भाषेतलं. व्हेरिक्स म्हणजे फुगलेली, वेडीवाकडी शीर. शंखावर जो जाड कंगोरा असतो त्यालाही व्हेरिक्सच म्हणतात. वाढता वाढता शंख थांबतो तिथे तो उमटतो. त्यांचा एक म्हातारा सेनापती होता. त्याने स्वतःला बांधू न देता पायाची शीर कापून घेतली, हूं की चूं केलं नाही.

"मग माझी पण उभ्यानेच कापा."

"काका, उभं राहूनच तर हे झालंय."

पार्वती म्हणाली, "झोपवाच ह्यांना. लग्न झाल्यापासून निवांत बसलेले बघितले नाय मी."

मणक्यात सुई दिली आणि कमरेखालचा मी नाहीसा झालो. वर दिवा, की चांदणं, कोण जाणे. खाडी माझ्या पायांतून संथ वर चढत होती. बांधावर बाप बसला होता, पाय पसरून, हातात शंख. कधी न बसलेला माझा बाप. मी हाक मारली. त्याने नुसती बाजूची जागा हाताने साफ केली.

जागा झालो तर पाय पट्टीत, आणि हलका.

नवव्या दिवशी घरी आलो. जखम भरायला पुढे दोन महिने लागले. पण घरी आलो त्याच संध्याकाळी मिठागरावरची माणसं दारात आली, "उद्या तुडवणी. तुमच्यासाठीच थांबलोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी काठी टेकत बांधावर गेलो. एक टोपली उपडी घालून तिच्यावर बसलो, दुसरीवर पाय ठेवला. सगळे बघत राहिले.

"चल गो पार्वती," मी म्हटलं, "पहिला पाय तू घाल."

"मी? आणि तुमी?"

"मी बसलोय."