ठकुबाईच्या कहाणीतला राजा

ठकुबाईचं दार सकाळी उघडंच असे, कारण चुलीच्या धुराला बाहेर जायला दुसरी वाट नव्हती. त्या दिवशीही ती तव्यावरची नाचणीची भाकरी उलटत होती. दारातली म्हैस मान लांब करून आत डोकावत होती आणि ठकुबाई तिला समजावत होती, की दम धर, आधी माणसं खात्यात. माणसं म्हणजे ती एकटीच. तेवढ्यात कडी वाजली. सताड उघड्या दाराची कडी हातात धरून पाटलांचा गडी गेनबा ती खळखळ वाजवत उभा होता.

"आरं मुडद्या, दार उघडं हाय की!"

"ठावं हाय. पर सरकारी काम हाय. वाजवावी लागती," गेनबा म्हणाला. "पाटलांनी चावडीवर बोलावलंय. आत्ताच्या आत्ता."

"कशापायी?"

गेनबानं मागंपुढं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "कहाणीपायी."

ठकुबाईची भाकरी करपली.

मार्गासनीच्या पलीकडच्या त्या लहानशा गावात श्रावणातल्या शुक्रवारची कहाणी सांगावी ती ठकुबाईनंच. भातलावणी उरकलेली असे. बाया मुठीत अक्षता धरून पाटलांच्या ओसरीवर बसत, ठकुबाई सांगे आणि दर वाक्याला सगळ्या मिळून "हूं" म्हणत. हूं थांबलं की कहाणी थांबायची, असा रिवाजच होता. ठकुबाईला त्या हूंची भारी गोडी. वरवे बुद्रुकहून लग्न होऊन ती या गावात आली तेव्हापासून तिच्या जिभेला विसावा नव्हता, आणि नवरा चिमाजी असा मिळाला की जन्मात हूंच्या पुढं गेला नाही. गाय व्याली, हूं. घर गळतंय, हूं. "तुमच्यापरीस भिताड बरं," असं ती चिडून म्हणे. पुढं चिमाजी गेला, आणि भिताड बरं नसतं हे तिला कळलं. म्हैस होती, नाही असं नाही. पण म्हशीचं हूं वेळेवर येत नाही.

आता त्या साली झालं असं, की तीच राणी, तीच गरीब बामणीण, तेच सोन्याचे पाट सांगून ठकुबाईला कंटाळा आला. श्रावणाच्या पहिल्या शुक्रवारी ती ओसरीवर बसली आणि म्हणाली, "आटपाट नगर होतं. पर उलटं होतं."

"हूं," बाया म्हणाल्या आणि जरा पुढं सरकल्या.

त्या नगराच्या राजाला शांतता फार प्यारी. त्यानं दवंडी पिटवली, की आजपासून बोलायचं ते राजानं, बाकीच्यांनी नुसतं हूं म्हणायचं. घरोघरी आढ्याला एकेक लाकडी कान टांगला. कोण हसतंय, कोण कुजबुजतंय, सगळं त्या कानात जायचं. भाकऱ्या सगळ्यांच्या एकाच मापाच्या. जो कुणी "का?" म्हणेल त्याला कोंबड्यांच्या डालग्याखाली झाकायचं. हळूहळू लोक बाकीचे शब्द विसरले. पोरं जन्मली तीसुद्धा रडायचं सोडून हूं म्हणतच जन्मली. राजा खूश! मग एके दिवशी समईला लागून राजाचं धोतर पेटलं.

"राजा म्हनला, आरं, माझं धोतर पेटलं का?"

"हूं!"

"राजा म्हनला, मग इझवा की!"

"हूं!"

आणि जागचं कुणी हललं नाही. हलायचा हुकूमच कुठं होता?

बाया एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. ठकुबाई उठली, "धारंची येळ झाली, फुडचं फुडल्या शुक्रवारी," म्हणाली आणि घरी गेली. राजा तसाच पेटलेला राहिला.

कहाणी मात्र ओसरीवर राहिली नाही. शेजारच्या धोंडाबाईच्या सुनेनं सासूनं काही सांगितलं की नको तितक्या आदबीनं हूं म्हणायला सुरुवात केली. आनंदराव पाटील जेवताना म्हणाले, "आमटी अळणी झालीया." त्यांची बायको सगुणाबाई म्हणाली, "हूं," आणि तिला हसून हसून असा ठसका लागला की पाटलांनाच उठून पाणी द्यावं लागलं. पाटलांनी चौकशी केली, आणि त्यातून हे चावडीचं बोलावणं निघालं.

ठकुबाई पदर सावरून चावडीच्या पायरीशी उभी राहिली. ओसरीवरचा शुक्रवार बंद झाला तर तिनं बोलावं कुणाशी?

"त्यो राजा कोन?" पाटलांनी दरडावलं.

"कुनी न्हाई, पाटील. आटपाट नगरातला हाय."

"आन धोतर?"

"राजाचंच."

"माझं धोतर होळीला जळलं हुतं, ते तुला कुनी सांगितलं?"

"आता तुमीच की," ठकुबाई म्हणाली. चावडीवरचे लोक खोकायला लागले.

तेवढ्यात धोंडाबाई तणतणत आली. "पाटील, हिला आधी जाब इचारा! भाकऱ्या एका मापाच्या म्हंजे कुनाच्या घरात? माझ्या! त्यो राजा म्हंजे मीच हाय!"

"तू?" पाटील उठूनच उभे राहिले. मघाचा राग राहिला बाजूला, आता निराळाच आला. "ह्या गावात म्या असताना तू कशी गं राजा? राजा मीच!"

"डालगं कुनाचं? माझं!"

"धोतर कुनाचं? माझं!"

ठकुबाई एकदा इकडं पाही, एकदा तिकडं. तिनं तर तो राजा कुणालाच मनात धरून रचला नव्हता. हुकूम तेवढे चार घरचे उचलले होते. आणि गंमत अशी, की त्या एवढ्या मोठ्या नगरातली रयत कोण, हे विचारायला कुणीच आलं नव्हतं.

"बास!" पाटील गरजले. "असलं राजं तिकडं इलायतेत असतील, आपल्यात न्हाईत. आजपास्नं गावात कुनी हूं म्हनायचं न्हाई. व्हय तरी म्हना, न्हाई तरी म्हना."

"का?" गेनबानं भाबडेपणानं विचारलं.

"का म्हनायचं न्हाई!"

मग कुणीतरी हळूच सभोवार पाहिलं, कोपऱ्यात कोंबड्यांचं डालगं आहे की काय ते.

पुढचा शुक्रवार आला. बाया ओसरीवर बसल्या, मुठीत अक्षता. हुकूम मोडतोय का ते ऐकायला गेनबा ओसरीखाली कानामागं हात धरून उभा. पाटील आतल्या दाराआड सुपारी कातरत होते, पण अडकित्ता वाजत नव्हता.

"तर राजाचं धोतर पेटलं," ठकुबाई म्हणाली आणि सवयीनं थांबली.

बायांनी एकमेकींकडं पाहिलं. मग एकजण दबकत म्हणाली, "व्हय."

"राजा म्हनला, पानी आना."

"न्हाई," दुसरी म्हणाली.

"अगं, न्हाई काय? आनलं न्हाई?"

"मला काय ठावं, आत्या. एकदा व्हय झालं, म्हनून म्या न्हाई म्हनले. हुकूम हाय."

ठकुबाईनं आणखी एक वाक्य काढून पाहिलं. ते ओसरीवर पडलं आणि तिथंच राहिलं. जात्याला समोरून हात लावणारी नसली की कसं एकटीला ओढत नाही, तसं तिचं झालं. तिचे ओठ हलले, शब्द येईना. बायांच्या मुठीतल्या अक्षता घामानं भिजल्या. कहाणी पुरी झाल्याशिवाय त्या टाकायच्या कशा? उठायचं कसं? घरी चुली वाट पाहत होत्या.

शेवटी पाटलांनाच राहवेना. एका हातानं स्वतःचं धोतर घट्ट धरून ते दारात आले.

"ठकुबाई, आगं फुडं काय झालं? जळला का वाचला?"

"सुचंना, पाटील."

"का?"

"पाटील," खालून गेनबाचा आवाज आला, "का म्हनायचं न्हाई."

सगुणाबाईनं तोंडात पदर कोंबला. पाटील गेनबाकडं बघत राहिले, मग बायकोकडं, मग खाली धोतराकडं. आपण किती वेळचे ते धरून उभे आहोत हे त्यांच्या ध्यानात आलं असावं. त्यांनी ते हळूच सोडलं.

"बरं," ते म्हणाले. "तुला काय हवं ते माग. पायलीभर तांदूळ देतो, भोरच्या बाजारचा गूळ देतो. पर त्या राजाचं काय ते कर. आठ दिस झालं, त्यो जळतोय."

"तांदूळ नगं आन गूळबी नगं, पाटील," ठकुबाई म्हणाली. "म्या बोलतीया तवर कुनीतरी हूं म्हना."